उलटं फिरवायला दोघं लागतात

मित्रांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी संधी मिळायची नाही. मी एक जुना लॉनमोअर आहे. इंजिनाचा नाही, विजेचा नाही, बॅटरीचा तर मुळीच नाही. माणसाने दांडा धरून ढकलायचं, चाकं फिरली की त्यांच्याबरोबर माझी पाच पाती फिरायची, आणि खालच्या आडव्या पात्याला लागून गवत कापलं जायचं, एवढाच माझा कारभार. वयाने सत्तरी ओलांडली आहे. रंग मूळचा हिरवा. आज पुन्हा हिरवा दिसतो आहे, पण तो कसा झाला हीच तर सांगायची गोष्ट आहे.

माझा जन्म इंग्लंडच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. पहिले मालक कोण, दुसरे कोण, ते आता नीट आठवतही नाही. मला माझं घर मिळालं ते नॉटिंगहॅममध्ये, चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत. एका टेबलाखाली फुटक्या कुंड्यांच्या शेजारी मी पडलो होतो. एक सडपातळ मराठी माणूस वाकला, त्याने माझ्या पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि बायकोला म्हणाला, "रेखा, हाड चांगलं आहे याचं." ते कमलाकर. सांगलीहून आलेले, बसच्या गॅरेजमध्ये फिटर. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

मित्रांनो, चांगला फिटर मालक मिळणं म्हणजे काय भाग्य असतं ते लोखंडालाच विचारा. दर शनिवारी काम झालं की कमलाकर मला पुसून काढत, सांध्यांना तेल सोडत. खंडेनवमीला तर माझी चैनच असे. तोवर ऑक्टोबर आलेला असायचा, गवत वाढायचं थांबलेलं असायचं. मग मला धुऊन, दांड्याला हळदकुंकू लावून, एक झेंडूचं फूल ठेवून ते मला शेडमध्ये झोपवत. रेखावहिनी दारातून म्हणत, "माझ्या डोक्याला कधी एवढं तेल घातलं नाहीत." आणखी एक टोमणा त्या नेहमी मारायच्या. मला पुढे ढकललं की मी मुकाट जातो, पण मागे ओढलं की माझ्या चाकांतून कट-कट-कट असा आवाज येतो. आमची जातच तशी आहे. वहिनी म्हणायच्या, "पुढे जायला तयार, मागे घ्यायचं म्हटलं की कुरकूर. अगदी मालकासारखा आहे हो हा."

आता ज्या एका कामावरून पुढचं सगळं घडलं, ते सांगतो. मला धार लावायची पद्धत वेगळी आहे. सुरीसारखी मला कानस मारून चालत नाही. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, माझ्या बाजूचं झाकण काढायचं, आतलं छोटं चाक काढायचं, आसाला एक हँडल लावायचं आणि पाती उलटी फिरवायची. फिरवताना त्यांच्यावर खरखरीत पेस्ट लावत राहायची. मग पाती आणि खालचं पातं एकमेकांना घासून एकमेकांना धार आणतात. हँडल कमलाकरांनी बसच्या भंगारातून स्वतः बनवलं होतं. ते फिरवायचे आणि वहिनी जुन्या टूथब्रशने पेस्ट लावायच्या. "चला, आज उलटं फिरवायचंय," असं ते न्याहारीलाच जाहीर करत. त्यांची एकुलती मुलगी नीना तेव्हा लहान होती. तिला मात्र त्या दिवशी शेडकडे फिरकायची बंदी असे. गॅरेजमध्ये कुणाचं तरी बोट गेलेलं कमलाकरांनी पाहिलं होतं, त्यामुळे मुलगी जवळ आली की ते ओरडायचे, "लांब हो आधी!" ती बिचारी स्वयंपाकघराच्या खिडकीला नाक लावून उभी राहायची. तिला दिसायचं ते एवढंच, की आईबाबा शेडमध्ये काहीतरी करतायत आणि आपल्याला आत घेत नाहीत.

माझी कीर्ती त्या रस्त्यावर बरीच होती. शेजारचा विजेचा मोअर घरघर करून गवत ओरबाडायचा आणि वर मिजास मारायचा. माझ्यामागे मात्र गवतावर फिकट, गडद असे सरळ पट्टे उमटायचे. लोक कुंपणापाशी थांबून म्हणायचे, "लव्हली लॉन, मिस्टर के." मिस्टर के मान खाली घालून हसायचे. अशी चाळीसहून जास्त वर्षं गेली. नीना शिकली, लंडनजवळ क्रॉयडनला नोकरीला लागली, सुयश नावाच्या मुलाशी तिचं लग्न झालं. दिवस बरे होते.

मग तीन वर्षांपूर्वी रेखावहिनी गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी नीना एकटीच आली. कमलाकर मला ढकलत होते. ती गवताच्या कडेला उभी राहून तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाली, "बाबा, मी आणि सुयश वेगळे झालोय. मी घर सोडला."

कमलाकर थांबले. दांडा त्यांनी सोडला नाही. मुठी आवळल्या गेल्या ते मला कळलं. ते म्हणाले, "माघारी फीर. अजून वेळ गेलेली नाही. संसार असा टाकून येत नाहीत."

"तुम्ही विचारला पण नाही, का ते."

"विचारायचं काय त्यात? तुझी आई असती तर तिने हेच सांगितलं असतं."

नीना बाकावरची पर्स उचलून बाजूच्या फाटकातून निघून गेली. कमलाकरांनी उरलेलं गवत कापलं, पण त्या दिवशी पट्टे वाकडे आले. मी इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली होतो, तसे पट्टे मी कधी काढले नव्हते.

त्यानंतर बापलेकींचं फोनवर बोलणं व्हायचं ते हवेचं. इथे पाऊस आहे, तिथे नाही. औषधं घेता ना, घेतो. झालं. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण मलाही ते ऐकवत नसे. कारण फोन ठेवल्यावर कमलाकर शेडमध्ये यायचे आणि माझ्यापाशी बादली पालथी घालून बसायचे. "चुकलं माझं," असं मला सांगायचे. "पोरीला आधी पाणी तरी द्यायला हवं होतं." हे ज्या कानांत जायला हवं होतं ते कान क्रॉयडनला होते, आणि जात होतं ते माझ्यासारख्या मुक्याच्या कानांत. मला वाचा असती तर मी त्याच दिवशी बोंब मारली असती.

वहिनी नसल्यामुळे दोन मार्च तसेच गेले. माझी धार गेली. मी गवत कापेना, चावून सोडू लागलो. यंदाच्या मार्चमध्ये एका सकाळी कमलाकर शेडमध्ये आले. हँडल शोधून पुसलं. वहिनींचा टूथब्रश धुऊन खिडकीत वाळत ठेवला. मग खिशातून फोन काढून नीनाला लावला. तिने उचलला नाही, तेव्हा त्यांनी निरोप ठेवला. मी अक्षर न् अक्षर ऐकलं. सुरुवात अशी होती:

"नीना, बाबा बोलतोय. हे बघ, दोन वर्षं झाली. आता असंच किती दिवस चालवायचं? उलटं फिरवायलाच हवं. अजून वेळ गेलेली नाही. पण ते एकट्याने होत नाही, त्याला दोघं लागतात..."

निरोप पुढेही होता. पण नीनाने तो एवढाच ऐकला आणि बंद केला. हे मला पुढे तिच्याच तोंडून कळलं. तिला वाटलं, बाबा पुन्हा तेच म्हणतायत. माघारी फीर, संसाराची गाडी उलटी फिरव, दोघांनी मिळून बघा. तिला तरी नावं कशी ठेवायची? 'अजून वेळ गेलेली नाही' हे शब्द तिने या गवतावर ऐकले होते, आणि माझी धार उलटं फिरवून लावतात हे तिला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. तिचं मराठी खिडकीतून जेवढं दिसलं तेवढंच.

दुपारी कमलाकरांच्या फोनवर तिचा मेसेज आला. त्यांनी चष्मा चढवून तो मोठ्याने वाचला. "आय ॲम नॉट गोइंग बॅक, बाबा. प्लीज डोन्ट आस्क अगेन."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "परत येणार नाही म्हणतेय. इथे, या घरात. पुन्हा विचारूही नका म्हणते."

बघा मित्रांनो, ध चा मा होतो तो असा. ती म्हणत होती, मी नवऱ्याकडे परत जाणार नाही. यांनी वाचलं, मी तुमच्याकडे परत येणार नाही. दोन शहाणी माणसं, दोघांच्या हातात फोन, आणि दोघांपैकी एकानेही विचारलं नाही की बाबा, म्हणजे काय, किंवा बाळ, म्हणजे काय.

एप्रिलमध्ये त्यांनी एकट्याने करून पाहिलं. एका हाताने हँडल, दुसऱ्या हातात ब्रश. मनगट आधीच दुखरं होतं. हँडल निसटलं आणि पात्याने अंगठा कापला. त्यांनी रुमाल गुंडाळला, मला निळ्या ताडपत्रीखाली झाकलं आणि दिवा बंद केला. मे महिन्यात ते गेले. हृदय थांबलं. नीना क्रॉयडनहून निघाली होती, पण ती ट्रेनमध्ये असतानाच सगळं संपलं.

जूनमध्ये घर विकायला निघालं. घरासमोर भंगार टाकायचा मोठा लोखंडी डबा आला, त्याला इथे स्किप म्हणतात. नीना दर शनिवार-रविवार येऊन एकेक खोली रिकामी करू लागली. बागेत गवत गुडघाभर झालं होतं. मग एक दिवस शेड उघडली आणि ताडपत्री निघाली. मला वाटलं, आपली वेळ भरली. खोटं कशाला सांगू, स्किपची मला भीती वाटत होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मी भंगारात गेलो असतो तर या घरात खरं काय झालं ते जाणणारं कुणीच उरलं नसतं, आणि ही मुलगी जन्मभर हेच धरून बसली असती की माझ्या बापाचे शेवटचे शब्द 'नवऱ्याकडे जा' हे होते.

तिने मला स्किपपर्यंत नेलंही. फाटकाशी वळवताना मला मागे ओढलं, तसा मी कट-कट-कट केला. ती थांबली. डोळे मिटून उभी राहिली. लहानपणीच्या किती शनिवारी तिने तो आवाज ऐकला असेल. मग मला तशीच परत घेऊन आली आणि शेडच्या दारात वर्तमानपत्रं पसरली.

तीन शनिवार तिने माझ्यावर घालवले. जाम झालेल्या बोल्टांवर तेल सोडून रात्रभर ठेवलं. तारेच्या ब्रशने गंज काढला, पॉलिश पेपर घासला. दांड्यावर एक लालसर डाग होता, तोही गंज समजून घासायला गेली. मग बोट फिरवून वास घेतला आणि ब्रश खाली ठेवला. हिरवा रंग देताना तेवढी जागा तिने सोडून दिली. आणि हे सगळं करताना ती माझ्याशी भांडत होती.

"तुला सांभाळला त्यांनी," ती म्हणाली. "दर वीकला ऑइल. आणि मला काय? टू इयर्स नंतर एक व्हॉइसमेल, त्यात पण तेच. गो बॅक टू सुयश. उलटं फिरवा. मी पूर्ण ऐकलाच नाही. डिलीट पण होत नाही माझ्याच्याने." मग खूप हळू म्हणाली, "त्याने काय केलं होतं, एकदा तरी विचारायचं ना."

मित्रांनो, माझ्या पात्यांची त्या वेळी काय अवस्था झाली असेल याची तुम्ही कल्पना करा. सगळं ठाऊक आणि जीभ नाही.

तिसऱ्या शनिवारी मी बाहेरून नव्यासारखा झालो. तिने कुठल्याशा व्हिडिओत बघून पात्यांना कानस मारली. व्हायचं तेच झालं. मला गवतात ढकललं तर मी गवत नुसतं वाकवलं आणि त्याचे धागे काढले. तीनदा प्रयत्न केला. मग तिने मला सोडलं आणि गवतातच खाली बसली.

तेवढ्यात बाजूच्या फाटकातून शशिधरकाका आले. कमलाकरांचे गॅरेजमधले जुने सोबती, दोन गल्ल्या सोडून राहणारे. उसना नेलेला पाना परत द्यायला आले होते. येता येता त्यांचं लक्ष स्किपकडे गेलं, आणि त्यांनी वरचं एक वाकडं लोखंड उचलून आणलं.

"हे कशाला टाकलंस, नीना?"

"ते काय आहे माहीत नाही, काका. शेडमध्ये होता. आणि हा मशीन कापत नाही. मी सगळं केलं, एव्हरीथिंग. तरी नाही."

काका वाकले, माझ्या पात्यावरून अंगठा आडवा फिरवला. "कानस मारलीस होय? अगं, याला कानस नाही चालत. याला उलटं फिरवायला लागतं. हे हँडल त्याचंच. आणि ते एकट्याने होत नाही, दोघं लागतात. कमलाकर आणि वहिनी करायचे ना दर मार्चला."

नीना उठून उभी राहिली. "काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"परत म्हणा. तेच, तसंच."

काका गोंधळले. "उलटं फिरवायला लागतं म्हटलं. धार लावायला. दोघं लागतात."

तिने खिशातून फोन काढून बाबांचं नाव शोधलं. मग तो काकांच्या हातात दिला आणि निरोप दाखवला. काकांनी बटण दाबलं. आणि मार्चमधली ती सकाळ पुन्हा शेडच्या दारात ऐकू आली. किती दिवस असंच चालवायचं. उलटं फिरवायलाच हवं. दोघं लागतात. इथवर तिने ऐकलेलं होतं. या वेळी ती थांबली नाही.

"...तुझी आई पेस्ट लावायची, मी हँडल फिरवायचो. तिचा ब्रश धुऊन ठेवलाय. तुला कधी जवळ येऊ दिलं नाही, बोटाला लागेल म्हणून. आता मोठी आहेस तू. ये. काम अर्ध्या तासाचं आहे, मग चहा करू. सुयशचं काय झालं ते तेव्हा विचारलं नाही मी. सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर राहू दे. हा बघ, हासुद्धा बोलावतोय तुला."

आणि त्यानंतर कट-कट-कट. त्यांनी मला हाताने जरासं मागे ओढलं होतं. मीच ते विसरलो होतो. मी इतके दिवस म्हणत होतो की मला वाचा नाही, आणि माझा आवाज चार महिने तिच्या फोनमध्ये पडून होता.

नीना पालथ्या बादलीवर बसली, तिचे बाबा बसायचे त्याच. "आले, बाबा," ती म्हणाली. मग तोंडावर हात घेऊन रडली. काकांनी तिला रडू दिलं. समजूत घातली नाही, ते बरं केलं, कारण समजूत घालण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जायला हवं होतं त्या मार्चला ती गेली नव्हती, आणि आता जुलै होता.

पुष्कळ वेळाने काकांनी माझं झाकण उघडलं. हँडल बसवलं. टूथब्रश खिडकीत होता तिथेच होता. काकांनी फिरवायला सुरुवात केली आणि नीना पेस्ट लावू लागली. आधी माझा आवाज खरखरीत होता, मग तो हळूहळू बारीक होत गेला. तिची बोटं पात्यांच्या अगदी जवळ होती. काका सवयीने म्हणाले, "लांब धर." ती म्हणाली, "नाही, काका. राहू दे." अर्ध्या तासाने काकांनी वर्तमानपत्राचा तुकडा पात्यांत धरला आणि त्याचे सुर्रकन दोन झाले. विळ्याने वरचं वाढलेलं गवत काढून मग तिने मला ढकललं. पट्टे वाकडे आले. मी म्हटलं, येऊ देत.

घर गेलं. क्रॉयडनला तिचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, तिथे गवताची काडी नाही. म्हणून मी आता शशिधरकाकांच्या शेडमध्ये असतो. काकांचे हातही आता थरथरतात. मार्चमध्ये हँडल ती फिरवणार आणि पेस्ट काका लावणार, असं ठरलं आहे. तिने तारीख लिहून भिंतीला लावली आहे, मराठीत. 'उलटा फिरवायची' असं लिहिलंय. काकांनी ते दुरुस्त केलं नाही.

मित्रांनो, अवजारं जपा, तेल घाला, ओली ठेवू नका, हे तर मी सांगणारच, म्हातारा आहे. पण एक मागणं आणखी आहे. तुमच्या घरातलं मोठं माणूस काही बोललं आणि ते कळलं नाही, किंवा अगदी नक्की कळलं असं वाटलं, तरी एकदा विचारा, "म्हणजे काय?" आणि मोठ्यांनो, तुम्हीही विचारा. गंज मला दोन वर्षं खात होता, तरी मी तीन शनिवारांत बरा झालो. तो निरोप मात्र तिने पूर्ण ऐकला तेव्हा चहा करणारं कुणी नव्हतं.